नव्या घरात नेट हॉलमध्ये पळतं, बेडरूममध्ये अडकतं : आधी काय तपासायचं, नंतर काय

लक्षणं

यातलं एखादं तरी तुमच्या घरी होत असेल, तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

- हॉलमध्ये स्पीड टेस्ट प्लॅनइतका आकडा दाखवते, पण बेडरूमचं दार लावलं की मीटिंगमधला आवाज तुटायला लागतो.
- मोबाइलवर वायफायच्या दांड्या पूर्ण आहेत, तरी पान उघडत नाही.
- दिवसा सगळं ठीक, रात्री जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांचंच गोल गोल फिरत राहतं.
- लाइट गेलेली नसतानाही नेटचा डबा (कंपनीने बसवलेला मोडेम-राऊटर) मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होतो.
- प्लॅन २०० मेगाबिटचा, पण वायर लावूनही आकडा ९४-९५ च्या पुढे सरकत नाही.
- दुसरा राऊटर लावल्यापासून टीव्हीवर कास्ट होत नाही, प्रिंटर सापडत नाही.
- डब्यावर लाल दिवा लुकलुकतोय.

पिंपरी-चिंचवडच्या रावेत, पुनावळे, मोशी या पट्ट्यातल्या नव्या टॉवरमध्ये मी घरगुती नेटवर्कची कामं करतो. ताबा मिळतो, वास्तुशांत होते, सुतार फर्निचर लावून जातो, नेटवाला डबा बसवून जातो, आणि मग फोन येतो : "दादा, नेट फास्ट आहे म्हणतात, पण चालत नाही हो." तक्रार सांगायची तऱ्हा प्रत्येकाची निराळी, दोष मात्र फिरून फिरून तेच. आणि लाल दिवा सोडला, तर वरच्या यादीतले बहुतेक दोष कंपनीच्या लाइनमध्ये नसतात, घराच्या आतच असतात. कंपनीचा माणूस येतो, डब्याजवळ उभा राहून आपल्या मोबाइलवर स्पीड दाखवतो, "लाइन ओके आहे साहेब" म्हणतो आणि निघतो. तो खोटं बोलत नसतो. लाइन खरंच ओके असते.

म्हणून बाकी काही करण्याआधी एवढं ठरवा : दोष लाइनचा की वायफायचा?

लाइन की वायफाय

लॅपटॉपला लॅनचं पोर्ट असेल तर डब्यापासून थेट वायर लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. घरातले बाकीचे मोबाइल, टीव्ही, कॅमेरे तेवढ्यापुरते नेटवरून काढा, नाहीतर तुमच्या मोजणीत त्यांचाही वाटा जाईल. लॅन पोर्ट नसेल तर डब्यापासून हातभर अंतरावर उभं राहून मोबाइलवर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर (डब्याच्या दोन वायफायपैकी वेगवान, पुढे सांगितलंय) टेस्ट घ्या. वायरइतकी ती पक्की नाही, पण चालेल.

मग जिथे त्रास होतो त्या खोलीत जाऊन तीच टेस्ट घ्या, दार लावून. डब्याजवळ पूर्ण आणि खोलीत पाचवा हिस्सा, तर वायफायचं बघायचं. डब्याजवळच कमी, तर लाइन, प्लॅन किंवा वायर. हे दोन आकडे आणि वेळ मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर "स्लो आहे" या शब्दापेक्षा यांना जास्त वजन असतं.

स्पीड टेस्टमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना दिसणारा आकडा बहुतेकदा मेगाबाइटमध्ये. १०० चा प्लॅन असेल तर फाइल सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटने उतरते. हा दोष नाही. यावरूनही मला फोन येतात.

दिवे बघा

फुकटचं काम आहे. डब्यावर एक दिवा पॉन (PON) नावाचा असतो, तो स्थिर हिरवा हवा. दुसरा लॉस (LOS) नावाचा, तो विझलेला हवा. लॉस लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाहीये, आणि मग राऊटरच्या सेटिंगमध्ये कितीही खुडबुड केली तरी उपयोग शून्य. पॉन लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण पलीकडच्या यंत्राशी नोंदणी होत नाहीये. हे कंपनीच्या बाजूचं काम.

लॉस लाल दिसला की तक्रार करण्याआधी एकच गोष्ट बघा : टीव्ही युनिटच्या मागची बारीक पिवळी किंवा पांढरी फायबरची वायर, म्हणजे पॅच कॉर्ड. नव्या घरांत हा हमखास गुन्हेगार असतो. डबा बसवताना वायर नीट असते, नंतर युनिट भिंतीला सरकवतात आणि वायर कोपऱ्यात काटकोनात दाबली जाते. फायबर तुटलेली नसते, पण वाक तीव्र झाला की प्रकाश काचेतून बाहेर गळतो. साध्या पॅच कॉर्डचा वेटोळा चहाच्या बशीपेक्षा लहान करू नये, हे माप लक्षात ठेवायला सोपं आहे. युनिट चार बोटं पुढे ओढा, वाक सैल करा आणि मिनिटभर थांबा. लाल दिवा विझला तर काम झालं.

हिरव्या टोपीचं कनेक्टर उगाच काढू नका. त्याचं काचेचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं. त्यावर बोट लागलं की तेलकट थर बसतो आणि प्रकाश अडतो. निळ्या टोपीच्या कनेक्टरचं टोक सरळ असतं. हिरवं आणि निळं एकमेकांना जोडलं तर बसतं, पण चालत नाही. आणि निघालेल्या फायबरच्या टोकात डोकावून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो नाही असं नव्हे.

अडॅप्टर आणि बोर्ड

डबा आपोआप बंद-चालू होतोय असं वाटत असेल तर अंदाज बांधत बसू नका, डब्यालाच विचारा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही डब्यांना १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२९.१ असतो, डब्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं). लॉगइन करून स्टेटसचं पान उघडा. तिथे दोन वेळा असतात : डबा किती वेळ चालू आहे आणि इंटरनेट किती वेळ जोडलेलं आहे. डबा कालपासून चालू आणि इंटरनेट दहा मिनिटांपासून, तर लाइन तुटतेय. दोन्ही दहा मिनिटं, तर डब्याचीच वीज जातेय. एवढ्या एका पानावर निम्मी भांडणं मिटतात.

वीज जात असेल तर बहुतेकदा अडॅप्टर. हे डबे साधारण १२ व्होल्टवर चालतात, अँपिअर मात्र वेगवेगळे. सामान हलवताना सेट-टॉप बॉक्सचा, राऊटरचा आणि कॅमेऱ्याचा अडॅप्टर एकाच पिशवीत पडतात, पिन सगळ्यांची सारखीच असते, आणि २ अँपिअरच्या डब्याला चुकून १ अँपिअरचा अडॅप्टर लावला जातो. डबा सुरू होतो, दिवे लागतात. पण रात्री सगळ्यांनी एकदम वापर सुरू केला की जोर कमी पडतो आणि तो रीस्टार्ट होतो. डब्याच्या पाठीवर लिहिलेले व्होल्ट अडॅप्टरवरच्या व्होल्टशी तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. नवा अडॅप्टर दोन-चारशे रुपयांत मिळतो.

एक्स्टेन्शन बोर्डचं सैल सॉकेट, हे दुसरं कारण. तिसरं, इन्व्हर्टर. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येताना जो क्षणभराचा खंड पडतो त्यात पंखा फिरत राहतो, पण डबा विझतो आणि पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. राऊटरसाठीचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा प्रकार थांबतो. घरी बसून काम करणाऱ्यांनी तो घ्यावाच, असं माझं मत आहे. महागडा राऊटर घेण्याआधी घ्यावा.

डबा बसवलाय कुठे

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण नव्या घरातलं खरं दुखणं हेच आहे.

गेल्या काही वर्षांतले बरेच टॉवर मायवान पद्धतीने बांधलेले आहेत. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून स्लॅब आणि भिंती एकत्रच ओततात. म्हणजे दोन खोल्यांमधली भिंतसुद्धा विटेची नसते, सळईसकट काँक्रीटची असते. जुन्या विटेच्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यातला राऊटर अख्ख्या टू-बीएचकेला पुरायचा. तोच राऊटर तशाच आकाराच्या नव्या फ्लॅटमध्ये आणला तर दुसऱ्या बेडरूममध्ये दम सोडतो. "आमच्या जुन्या घरी हाच राऊटर मस्त चालायचा" ही तक्रार म्हणूनच खरी असते. राऊटर तोच आहे, भिंत बदलली. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींतही हाच अनुभव येतो, पावसाळ्यात भिंत ओली झाली की जास्तच.

त्यात भर म्हणजे बिल्डरने दिलेली जागा. टीव्हीच्या भिंतीवर पॉइंट असेल तर बरं म्हणायचं. कित्येक फ्लॅटमध्ये मुख्य दारामागे पत्र्याचा बॉक्स असतो, त्यात फोन, इंटरकॉम, केबल सगळं येतं. नेटवाला डबा त्यातच ठेवून झाकण लावून जातो. दिसायला छान. पण पत्र्याच्या बंद पेटीतून वायफाय बाहेर पडणार कसं? आधी झाकण उघडून टेस्ट घ्या. फरक दिसला तर डबा बाहेर काढा.

मग जागा निवडताना घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्रास होणारी खोली आणि डबा यांच्यामध्ये सरळ रेष ओढा आणि त्या रेषेत काय काय येतं ते मोजा. काँक्रीटची भिंत, बाथरूम, फ्रिज, आरशाचं वॉर्डरोब, फिश टँक : हे सगळे वायफाय खातात. आरशाच्या मागचा धातूचा थर सिग्नल परतवतो, पाणी तो शोषून घेतं. बाथरूमच्या भिंतीत टाइल्स आणि पाइप असतात. त्याउलट लाकडी दार फारसं अडवत नाही. म्हणून डबा पॅसेजच्या तोंडाशी, दारांच्या रांगेत, खांद्याच्या उंचीच्या वर ठेवला तर सिग्नल दारांमधून आत शिरतो. टीव्हीच्या मागे लपवलेला डबा दोन हात बाजूला काढून उघड्यावर ठेवला तरी फरक दिसतो. दिसायला वाईट दिसतं, ही घरच्यांची हरकत मी ऐकतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

डबा हलवायला वायर पुरत नसेल तर लांब पॅच कॉर्ड मिळते, ५ किंवा १० मीटरची, स्वस्त. घेताना दोन्ही टोकं आत्ताच्या वायरसारखी, म्हणजे बहुधा हिरवी, आहेत ना ते बघा. ती बदलून घ्यायला कंपनीच्या माणसाला सांगा, तो टोक पुसून लावेल.

दोन वायफाय, दोन स्वभाव

२.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, पण हळू आणि गर्दीचं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण काँक्रीटपुढे लवकर हात टेकतं. दांड्या पूर्ण आणि पान उघडत नाही, हे लक्षण बहुतेक २.४ चं. सिग्नल आहे, पण हवेत जागा नाही. टॉवरमध्ये वर-खाली-शेजारी मिळून वीस-पंचवीस राऊटर एकाच हवेत बोलत असतात.

मोबाइलवर वायफाय ॲनालायझरसारखं फुकट ॲप घ्या आणि कोण कोणत्या चॅनलवर आहे ते बघा. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हेच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. यांतला सर्वांत रिकामा घ्या आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. ४० ठेवली तर वेग वाढेल असं वाटतं, पण टॉवरमध्ये शेजाऱ्यांचा गोंगाटही दुप्पट ऐकू येतो. कोणी हुशारी करून ३ किंवा ४ वर टाकलं, तर दोन्ही बाजूंचा त्रास पदरात पडतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल भरपूर आहेत, तिथे ऑटो ठेवलं तरी सहसा भागतं.

दोन्हींना वेगळी नावं द्यावीत की एकच, यावर लोक वाद घालतात. मी नव्या घरात सुरुवातीला वेगळी देतो. स्मार्ट बल्ब, गिझरचा स्विच, वायफाय कॅमेरा असल्या वस्तू बहुतेक फक्त २.४ वरच चालतात आणि नाव एकच असलं की जोडताना अडून बसतात. शिवाय कोणती वस्तू कशावर आहे हे स्पष्ट दिसतं. सगळं सुरळीत झालं की नंतर नावं एक करता येतात.

नेट खातंय कोण

रात्रीचं अडकणं इथे तपासायचं. वायरने सकाळी एकदा आणि रात्री ९ ला एकदा टेस्ट घ्या. घरातलं बाकी सगळं बंद असताना वायरवरही रात्री आकडा कोसळत असेल तर गर्दी कंपनीकडे आहे. एका फायबरवर स्प्लिटर लावून साधारण ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात, आणि स्थानिक ऑपरेटरने वरून घेतलेली क्षमता कमी असेल तर आयपीएलच्या रात्री ती उघडी पडते. यात तुमच्या हातात तक्रार करणं किंवा कंपनी बदलणं एवढंच.

वायरवर रात्रीही आकडा पूर्ण येत असेल तर घरात बघा. डब्याच्या पानावर जोडलेल्या वस्तूंची यादी असते. ती बघून बऱ्याच घरांत पहिली प्रतिक्रिया "हे कोणाचं?" अशी असते. जुना मोबाइल, कामवाल्या ताईंचा फोन, पासवर्ड मागून नेलेला समोरचा फ्लॅट.

सगळे डाउनलोडकडे बघतात, अडकवतो मात्र अपलोड. दोन-तीन कॅमेरे चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवत असतात, आणि लग्नाहून आल्यावर चौघांचे फोन एकदम फोटोंचा बॅकअप घेतात. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडसुद्धा अडतं, कारण आलेल्या माहितीची पोच परत पाठवायला जागा उरत नाही. व्हिडिओ कॉल आधी मरतो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर घ्या, बॅकअप रात्री उशिरा लावा. राऊटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कोणाला आधी वाट द्यायची ते ठरवायची, सोय असेल तर कामाच्या लॅपटॉपला प्राधान्य द्या.

महिन्याच्या शेवटी अचानक सगळंच मंदावलं तर प्लॅनची मर्यादा बघा. 'अनलिमिटेड' म्हणून विकलेल्या अनेक प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यानंतर वेग उतरतो. एका कुटुंबाला ती पुरून उरते. पण चार-पाच मुलं मिळून भाड्याने राहतात त्या फ्लॅटमध्ये गेम आणि सिनेमे मिळून ती संपलेली पाहिली आहे.

भाडेकरू, पेइंग गेस्ट, पाहुणे यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा. पासवर्ड हवा तेव्हा बदलता येतो आणि त्यांच्या वस्तू तुमच्या वस्तूंना दिसत नाहीत. मात्र टीव्ही चुकून गेस्टवर जोडला गेला तर त्यावर कास्ट होणार नाही, कारण तो वेगळा ठेवणं हेच गेस्टचं काम आहे. शेजारच्या फ्लॅटला नेट वाटून बिल निम्मं करण्याच्या फंदात पडू नका. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यावरून कोणी काही उद्योग केला तर चौकशी पहिल्यांदा तुमच्या दारात येते.

दुसरा राऊटर लावलाय?

आतल्या खोलीसाठी लोक नवा राऊटर आणतात, कंपनीच्या डब्याच्या लॅन पोर्टमधून वायर काढून त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरून नेट आत घेण्याचं पोर्ट) लावतात आणि नवं नाव देतात. नेट चालतं. पण आता घरात दोन मालक झाले : दोघेही पत्ते वाटतात, दोघांच्या दोन वेगळ्या वाड्या. हॉलमधला टीव्ही एका वाडीत, बेडरूममधला मोबाइल दुसऱ्या. म्हणून कास्ट होत नाही आणि प्रिंटर सापडत नाही. ऑनलाइन गेम आणि ऑफिसचं व्हीपीएन यांनाही पत्त्यांचं हे दुहेरी भाषांतर कधीकधी झेपत नाही. त्यात दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर नेट मुळीच चालत नाही किंवा लहर लागेल तसं चालतं.

उपाय : नव्या राऊटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (यात राऊटर फक्त वायफाय देतो, पत्ते वाटत नाही) शोधा आणि तो लावा. एवढंच. जुन्या मॉडेलमध्ये तो नसेल तर हाताने करता येतं, पण क्रम पाळा. आधी नव्या राऊटरचा स्वतःचा लॅन पत्ता मुख्य डब्याच्या रांगेतला पण वेगळा करा (मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२), नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगइन करा, मग त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, आणि शेवटी वायर वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी आधी बंद केलं तर तुमच्या लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि राऊटर रीसेट करून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. हा नवा पत्ता मुख्य डब्याच्या वाटपातून वगळलेला असला म्हणजे झालं. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हींवर एकच ठेवा, चॅनल वेगळे.

कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून सगळा कारभार आपल्या राऊटरकडे घ्यायचा, हा दुसरा मार्ग. त्यासाठी बऱ्याचदा कंपनीकडून लाइन जोडण्याचं (पीपीपीओईचं) युजरनेम-पासवर्ड लागतं, आणि डब्यावर लँडलाइन किंवा टीव्हीची सेवा असेल तर ती बंद पडू शकते. त्यातलं कळत असेल तरच तिकडे जा. बहुतेक घरांना ॲक्सेस पॉइंट पुरतो.

रेंज एक्स्टेन्डर, म्हणजे सिग्नल झेलून पुढे देणारा डबा, मी सहसा घेऊ देत नाही. एकाच रेडिओने ऐकायचं आणि त्यानेच पुढे बोलायचं, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. त्यातही लोक तो नेमका ज्या खोलीत सिग्नल नाही तिथेच लावतात. जिथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी लावायचा असतो. मेश, म्हणजे एकच वायफाय देणारे अनेक डबे, घेणार असाल तर दोन डबे वायरने जोडण्याची सोय बघा. मायवानच्या भिंतीपुढे बिनवायरचा मेशही हॉल आणि बेडरूमच्या मधे धापा टाकतो.

वायर : ९४ चं कोडं

१०० मेगाबिटचं पोर्ट किंवा जोडणी असली की प्रत्यक्ष स्पीड ९४-९५ वर थांबते. उरलेला भाग माहितीसोबत जाणाऱ्या पत्त्या-नोंदींत खर्च होतो. म्हणून २०० च्या प्लॅनवर असा अडलेला आकडा दिसला की डोळे झाकून वायरकडे बघा. डब्याचं, राऊटरचं आणि लॅपटॉपचं पोर्ट गिगाबिटचं आहे ना, हे आधी. स्वस्त राऊटरवर बाहेर '१२००' लिहिलेलं असतं आणि मागची पोर्टं १०० चीच असतात. तो आकडा वायफायचा, तोही २.४ आणि ५ दोन्ही मिळून.

पोर्टं ठीक असतील तर वायरच्या आतल्या जोड्या. लॅनच्या वायरमध्ये आठ तारा, चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार नीट बसलेली नसेल तर जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते. नव्या इमारतींत मी हे वारंवार बघतो : इलेक्ट्रिशियनने एकच वायर ओढून दोन जोड्या नेटला आणि उरलेल्या इंटरकॉमला दिलेल्या असतात. त्याच्या दृष्टीने बचत.

कनेक्टर पारदर्शक असतो, उजेडात धरून तारांचा क्रम बघता येतो. पट्टी खाली आणि सोनेरी पिना वर ठेवून डावीकडून : नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. आठही तारा टोकापर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत. केबल टेस्टर स्वस्त मिळतो, एकेक करून आठ दिवे लावतो. क्रिम्पिंगचा हात असेल तर कनेक्टर पुन्हा मारा, नसेल तर कॉम्प्युटरच्या दुकानात मारून मिळतो.

नवी वायर घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण भिंतीत ओढताना तुटते आणि जोडाजवळ कुजते. घरातल्या अंतराला कॅट ५ई दर्जाची वायर पुरते, गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते. कॅट ६ घेतली तरी हरकत नाही. भिंतीतली वायर पुन्हा ओढणं सोपं नसतं, म्हणून मी तीच सुचवतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पुढच्या गोष्टींत हात घालू नका.

पॅच कॉर्ड सैल करूनही लॉस लाल राहिला तर कंपनीला फोन. उंदरांनी डक्टमध्ये वायर कुरतडली असेल, पावसाळ्याआधीच्या फांदीछाटणीत तुटली असेल किंवा मांडव घालताना ओढली गेली असेल. फायबरचा जोड मारायला स्प्लायसिंगचं यंत्र लागतं. चिकटपट्टीने तो होत नाही. लाइनमन आला की पॉवर मीटर लावून प्रकाशाच्या जोराचा आकडा दाखवायला सांगा (तो डीबीएममध्ये असतो, वजा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). वजा १५ ते वजा २५ डीबीएमच्या मधे असेल तर निश्चिंत राहा. वजा २७ च्या आसपास असेल तर आज चालेल आणि उद्या थोडा वाक आला की तुटेल. तेव्हा "आत्ता चालू झालंय ना" यावर त्याला सोडू नका. बऱ्याच डब्यांच्या स्टेटस पानावर हा आकडा तुम्हालाही दिसतो.

लॅनची वायर २३० व्होल्टच्या वायरिंगच्या पाइपातूनच गेली असेल तर ती स्वतः ओढू नका. लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, मेन बंद करूनच काम करायचं, आणि नेटला वेगळा पाइप मागा.

वीज कडाडून गेल्यावर डबा मेला, किंवा पोर्टं काळी पडली, किंवा जळका वास आला तर प्लग काढून ठेवा, पुन्हा लावून बघू नका. काच वीज वाहत नाही हे खरं, पण बाहेरून येणाऱ्या ड्रॉप केबलला ताणासाठी पोलादी तार असते आणि जुन्या इमारतींत गच्चीवरून तांब्याची लॅन वायरच येते. आई-बाबा खालच्या मजल्यावर आणि तुम्ही वर असाल, तर दोन फ्लॅट जोडायला खिडकीबाहेरून तांब्याची वायर सोडू नका. डक्टमधून न्या, सोसायटीची परवानगी घेऊन, आणि जमल्यास फायबरच टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारी डबी) बसवून घ्या. डक्टमध्ये स्वतः उतरण्याचा तर विचारही नको.

कंपनी दाद देत नसेल तर तोंडी भांडून उपयोग नाही. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, घ्या. तो न देता फोन ठेवला तर तक्रार झालीच नाही असं धरा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीकडे तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकारी असतो. डॉकेट नंबर, वायरने घेतलेल्या सकाळ-रात्रीच्या टेस्टचे फोटो आणि पॉवर मीटरचा आकडा जोडून तिकडे अपील करा. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. बिलाचा किंवा डिपॉझिटचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.